दोन तासांचा वाचक

गेल्या वेळी आपण डेव्हिड ह्यूमपाशी थांबलो होतो. कलाकृतीबद्दल माणसामाणसांत इतके मतभेद असताना 'हे सरस, ते सुमार' असं म्हणायला काही आधार उरतो का, हा त्याच्या १७५७ सालच्या निबंधातला प्रश्न. आज त्याच प्रश्नाकडे जरा आडवाटेनं जायचं आहे. ही आडवाट म्हणजे संगणकावरच्या शब्दखेळांची एक वार्षिक स्पर्धा आणि गेली तीस वर्षं तिच्याभोवती जमलेली माणसं.

विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन केला. "अहो, तुम्ही आता व्हिडिओ गेमवर बोलणार?" आम्ही म्हटलं, यात व्हिडिओ नाहीच, आहे ते नुसतं वाचन. त्यावर ते म्हणाले, "मग खेळ कसला?" आक्षेप वाजवी आहे. सुरुवात तिथूनच करू.

अशी कल्पना करा. पडद्यावर दोन-चार ओळी येतात: तुम्ही एका अंधाऱ्या माजघरात आहात, कोपऱ्यात एक पेटी आहे, उत्तरेला दार आहे. खाली लुकलुकणारी एक रेघ, बाकी काही नाही. तुम्ही टाइप करता, 'पेटी उघड'. उत्तर येतं, पेटीला कुलूप आहे. तुम्ही लिहिता, 'पेटी हलव'. आत काहीतरी खुळखुळतं. आता किल्ली शोधणं आलं. अशी एकेक आज्ञा देत, एकेक उत्तर वाचत गोष्ट पुढे सरकते. तुम्ही लिहिलेली आज्ञा समजून घेणारा प्रोग्रामचा जो भाग असतो, त्याला पार्सर म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या कथांत टाइप करायचं नसतं. मजकुरातल्या काही शब्दांवर किंवा दिलेल्या पर्यायांवर बोट ठेवायचं, आणि त्याप्रमाणे पुढचं पान उघडतं. दोन्ही प्रकारांना मिळून इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. आपण आज सोयीसाठी 'संवादी कथा' म्हणू. शब्द काही फार चांगला नाही, पण चालेल.

या प्रकाराचा उगम १९७० च्या दशकातला. विल क्राउदर नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकीतल्या एका खऱ्या गुहेवर बेतून त्यानं असा पहिला खेळ लिहिला आणि डॉन वुड्स यानं तो वाढवला. मग मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या संस्थेतल्या काही मंडळींनी 'झॉर्क' हा खेळ केला आणि १९७९ मध्ये 'इन्फोकॉम' ही कंपनी काढली. काही वर्षं तिचा धंदा जोरात चालला. पण घरगुती संगणकांवर चित्रं हलू लागली आणि नुसत्या शब्दांचे खेळ विकत घेणारं गिऱ्हाईक आटलं. १९८६ मध्ये कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली आणि १९८९ मध्ये बंद झाली.

व्यापाराच्या दृष्टीनं गोष्ट इथे संपली. आम्हाला मात्र ती इथून पुढे महत्त्वाची वाटते. बाजार उठला तरी ज्यांना ही कला आवडत होती ती माणसं कुठे जाणार? मायकेल रॉबर्ट्स यांनी अशा कथा लिहिण्यासाठी 'टॅड्स' नावाची प्रणाली तयार केली होती. १९९३ मध्ये ऑक्सफर्डचे गणिती ग्रॅहम नेल्सन यांनी 'इन्फॉर्म' तयार केली. तिची गंमत अशी की बंद पडलेल्या इन्फोकॉम कंपनीचे खेळ ज्या काल्पनिक यंत्रासाठी लिहिले जात, त्याच यंत्रासाठी ती खेळ बनवते. कारखाना बंद झाल्यावर कुणी त्याच्या मागाची घडण समजून घ्यावी आणि गावातल्या कुणालाही घरी बसून विणता यावं, तसं हे झालं.

अवजारं मिळाली, पण लिहिणारे कमी. लिहायचं तर इन्फोकॉमच्या तोडीचं, महिनोन्‌महिने पुरेल असं प्रचंड काहीतरी लिहायचं, हीच समजूत होती. एकट्या माणसानं ते रात्री जागून किती वर्षं करावं? १९९५ मध्ये केव्हिन विल्सन यानं या मंडळींच्या चर्चागटात स्पर्धा जाहीर केली. खेळ दोन तासांत संपण्याजोगा हवा. पहिल्या वर्षी बारा प्रवेशिका आल्या, इन्फॉर्ममध्ये सहा आणि टॅड्समध्ये सहा. इन्फॉर्म विभागात अँड्र्यू प्लॉटकिन पहिले आले, टॅड्स विभागात मॅग्नस ओल्सन. पुढच्या वर्षी विभाग एक झाले. २००० साली प्रवेशिका पन्नासवर गेल्या, २०२० मध्ये शंभरावर. २०२४ मध्ये तिसावी स्पर्धा झाली. मधल्या काळात स्टीफन ग्रॅनेड यांनी १९९९ पासून जवळजवळ दीड दशक ती सांभाळली, मग जेसन मॅकिंटॉश यांनी हाती घेतली, आणि २०१६ मध्ये त्यासाठी एक ना-नफा संस्था उभी राहिली. मुळात हे सगळं पदरमोड करून आणि संध्याकाळच्या वेळात चाललेलं काम.

आता नियम पाहू, कारण आजच्या व्याख्यानाचं खरं मर्म त्या नियमांत आहे.

परीक्षक कोण? कुणीही. तुम्ही, आम्ही, कुणीही. स्पर्धेत स्वतः उतरलेल्या लेखकांना तेवढा मताचा अधिकार नाही. सगळ्या कथा एकदम खुल्या होतात आणि साधारण सहा आठवडे मत देता येतं. प्रत्येक कथेला एक ते दहा गुण. पण निदान पाच कथा खेळून त्यांना गुण दिले तरच तुमची मतं धरली जातात. कथा कितीही लांब असली तरी पहिल्या दोन तासांच्या अनुभवावर गुण ठरवायचे, त्यापुढे वाचायचं तर आपल्या आनंदासाठी. यादी प्रत्येकाला वेगळ्या क्रमानं, उलटसुलट करून मिळू शकते, म्हणजे वर्णानुक्रमात पहिलं नाव असलेल्याचा फुकटचा फायदा होत नाही. कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी जिनं किंवा ज्यानं ती तपासून दिली, त्यांनी त्या कथेला मत द्यायचं नाही. कथा आधी कुठेही प्रसिद्ध झालेली नको. आणि बरीच वर्षं असाही दंडक होता की मतदान चालू असेपर्यंत लेखकांनी कथांबद्दल जाहीरपणे चकार शब्द काढायचा नाही. हा दंडक अलीकडे सैल झाला आहे.

हे ऐकताना ह्यूम आठवला की नाही? त्यानं खऱ्या रसिक परीक्षकाची लक्षणं सांगितली होती. जाण शाबूत हवी, संवेदना तरल हवी, सराव हवा, तुलना केलेली असावी, पूर्वग्रह नसावा. आणि त्याच्यावरचा जुना आक्षेपही आपण गेल्या वेळी पाहिला: असा माणूस आणायचा कुठून, आणि तो तसाच आहे हे ठरवणार कोण? या स्पर्धेच्या लोकांनी ह्यूम वाचला होता असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांनी केलं ते असं. गुणी माणूस शोधत बसण्याऐवजी त्याचे गुण त्यांनी नियमांत बसवले. पाच कथांची अट म्हणजे तुलना. उलटसुलट क्रम, लेखकाचं मौन, तपासनिसाला मत नाही, हे सगळे पूर्वग्रहाला घातलेले बांध. माणूस जसा आहे तसाच, फक्त तो सहा आठवडे बऱ्यापैकी न्यायानं वागेल अशी व्यवस्था.

आपल्याकडे अभिनवगुप्तानं रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुरफटलेला असतो की समोरचं त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यावर उपाय म्हणून नाट्यात गीत-वाद्य, सजवलेला रंगमंडप वगैरे योजना असते, असं तो म्हणतो. म्हणजे सहृदयता ही जन्मजात देणगी आहे म्हणून हात जोडून बसायचं नाही. बाहेरून मांडणी करूनही थोडीफार सहृदयता आणता येते. दोन तासांचा नियम आम्हाला अशा मांडणीचा एक प्रकार वाटतो. आता तो नियम कमाल मर्यादा सांगतो, किमान नाही. दहा मिनिटांत कथा बंद करून गुण देणाऱ्याला कुणी अडवत नाही. प्रामाणिकपणे खेळून मत द्या, एवढीच अपेक्षा. पण 'दोन तास' हा आकडा एकदा समोर ठेवला की वीस मिनिटांत उठताना मन खातं. आमचं खाल्लं. त्याची गोष्ट नंतर सांगू.

नियम वाचकाला घडवतो तसा कलाप्रकारालाही घडवतो. एकांकिका म्हणजे तीन अंकी नाटकाचा तुकडा नव्हे, हे आपल्या नाट्यस्पर्धांनी दाखवून दिलं. वेळेची मर्यादा आल्यावर लेखक वेगळ्या गोष्टी निवडायला लागला. इथेही तेच झालं. दोन तासांत खजिना, चक्रव्यूह, चाळीस कोडी मावत नाहीत. एक प्रसंग मावतो, एक माणूस मावतो.

१९९८ ची विजेती कथा, अॅडम केडर यांची 'फोटोपिया', हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. तीत कोडी जवळजवळ नाहीतच. दृश्यं मागेपुढे होतात, प्रत्येक वेळी तुम्ही निराळ्या माणसाच्या जागी असता, आणि या सगळ्यांना जोडणारी एक मुलगी आहे. शेवट सांगत नाही, कारण ती तास-दीड तासात होते आणि तुम्ही ती वाचावी अशी आमची इच्छा आहे. एवढंच सांगतो की तुम्ही काहीही टाइप केलंत तरी घडायचं ते टळत नाही. तेव्हा बराच वाद झाला. ज्यात माझ्या कृतीनं काही बदलत नाही तो खेळ कसला? म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचाच प्रश्न, उलट बाजूनं. आम्हाला विचाराल तर ही कथा छापील पानावर अर्धी उरली असती. एखादी अटळ गोष्ट नुसती वाचणं वेगळं आणि ती घडत असताना प्रत्येक पावलाला 'पुढे जा' असं स्वतःच्या बोटांनी लिहिणं वेगळं. इच्छास्वातंत्र्यावर आम्ही अठ्ठावीस वर्षं व्याख्यानं दिली. हा मुद्दा असा बोटांच्या टोकाला कधी टोचला नव्हता.

दुसरी एक कथा आमच्या व्यवसायातल्या माणसांसाठी म्हणून सांगतो. २००८ ची विजेती, 'व्हायोलेट'. लेखक जेरेमी फ्रीझ हे समाजशास्त्राचे प्राध्यापक. कथेत तुम्ही प्रबंध अडलेले संशोधक विद्यार्थी आहात. आज एक हजार शब्द लिहून झाले नाहीत तर व्हायोलेट तुम्हाला सोडून जाणार आहे. कथाभर एकच खोली, टेबल, संगणक, खिडकी, आणि लक्ष विचलित करणाऱ्या शंभर गोष्टी. एकेका मोहाचा बंदोबस्त करणं हेच कोडं. आणि तुमच्या प्रत्येक आज्ञेला जे उत्तर येतं ते व्हायोलेटच्या आवाजात, म्हणजे ती समोर असती तर काय म्हणाली असती असं तुम्ही मनात ऐकता त्या आवाजात. पीएच.डी. करणाऱ्या ज्याला ज्याला आम्ही ही कथा दिली, तो हसता हसता मध्येच गप्प झाला.

आता या व्यवस्थेची दुखरी बाजू. गुणांची सरासरी काढून क्रम लावला की एक अडचण ठरलेली. एका कथेला सगळ्यांनी सहा-सहा दिले. दुसरीला निम्म्या लोकांनी दहा दिले, निम्म्यांनी दोन. दोघींची सरासरी सहाच. पण या दोन कथा एकसारख्या आहेत असं कुठला शहाणा म्हणेल? पहिली कुणाला खुपली नाही. दुसरीनं घरात भांडण लावलं. या मंडळींना हे कळत होतं. म्हणून एक मिस्कील बक्षीस आहे, 'गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड', म्हणजे बेबनावाचं सोन्याचं केळं. ज्या कथेच्या गुणांत सर्वांत जास्त फाटाफूट, तिला ते मिळतं. ग्रीक पुराणात बेबनावाच्या देवतेनं फेकलेल्या सोन्याच्या सफरचंदावरून युद्ध पेटलं होतं, इथे केळ्यावर भागतं. हसण्यावारी नेऊ नका. फाटाफुटीलाही एक मान आहे, हे संख्याशास्त्राच्या भाषेत सांगण्याची ही रीत आहे. आमच्या विद्यापीठीय परीक्षापद्धतीत असं केळं असतं तर आम्ही ते दोन-तीन उत्तरपत्रिकांना आनंदानं दिलं असतं.

खरी परीक्षा झाली ती २०१२ च्या सुमारास. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये 'ट्वाइन' नावाचं साधन खुलं केलं होतं. त्यात प्रोग्रामिंग जवळजवळ न शिकता दुव्यांच्या कथा लिहिता येतात. त्यामुळे संगणकाच्या वर्तुळात एरवी न दिसणारी माणसं लिहू लागली. त्यांच्या कथा लहान, आतल्या दुखण्याच्या, विचित्र. जुन्या मंडळींनी विचारलं, यात आज्ञा नाही, कोडं नाही, मग हे आपल्या स्पर्धेत कसं? त्या वर्षी पॉर्पेंटाइन या लेखिकेची 'हाउलिंग डॉग्ज' आली. ती पहिल्या दहांत आली नाही. पण नंतर या क्षेत्रात जिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलं-बोललं गेलं अशा कथांत तिची गणना झाली, आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या लेखिकेचं काम मांडलं गेलं. म्हणजे परीक्षक चुकले का? आम्ही 'चुकले' म्हणायला कचरतो. सरावानं आलेली जाण ही सरावातल्या गोष्टींची जाण असते. ज्यानं आयुष्यभर पंक्तीत जेवून चव ठरवली, त्याच्या हाती अचानक वेगळंच पक्वान्न दिलं की तो मीठ कमी आहे म्हणतो. ह्यूमचा परीक्षक इथेच अडतो, आणि नियमांनी घडवलेला परीक्षकही. या समाजाची आम्हाला भावलेली गोष्ट अशी की त्यांनी दार लावून घेतलं नाही. भांडले भरपूर, पण प्रवेशिका घेत राहिले. २०२२ मध्ये पहिली आलेली ब्रेंडन पॅट्रिक हेनेसी यांची कथा निवडीच्या पद्धतीची आहे.

याच मंडळींपैकी काहींनी वेगळं उत्तरही दिलं. 'स्प्रिंग थिंग' नावाची वसंतातली दुसरी स्पर्धा २००२ पासून आहे. २०१५ मध्ये तिच्या आयोजकांनी क्रम लावणंच सोडून दिलं आणि तिचा मेळा केला. दोन्ही चालू आहेत, आणि बरेच लेखक दोन्हीकडे जातात. क्रमांक हवा की नको, याचा निकाल लावण्याची घाई त्यांना नाही. आम्हालाही नाही.

परीक्षकांबद्दल बोलतो आहोत म्हणून एक आठवण. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत २०२२ मध्ये परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. केवढी चर्चा झाली! तो निर्णय योग्य की अयोग्य हे बाजूला ठेवू. पण 'यंदा कुणीच पात्र नाही' हे वाक्य तज्ज्ञ परीक्षकच उच्चारू शकतो. जिथे वाचकांचा समुदाय गुण देतो आणि सरासरी निघते, तिथे हे वाक्य बोलायला तोंडच नाही, कारण कुणीतरी पहिलं येणारच. तज्ज्ञाकडे एक अधिकार असतो जो समुदायाकडे नसतो. त्याबदल्यात समुदायाकडे काय असतं?

त्याचं उत्तर आम्हाला बक्षिसांपेक्षा एका रुक्ष वाटणाऱ्या गोष्टीत सापडलं. बक्षिसं म्हणाल तर ती लोकांनीच दिलेली असतात. पुस्तकं, जुने खेळ, हाताने केलेल्या वस्तू. ढिगातून पहिला आलेला पहिल्यांदा निवडतो, मग दुसरा, मग तिसरा. २०१७ पासून वर्गणीतून रोख रकमाही दिल्या जातात, आणि त्या वरच्या दोन-तृतीयांश लेखकांत वाटल्या जातात. लेखक आपापसांत मत देऊन आपली आवडती कथा निवडतात, तेही एक बक्षीस आहे. पण त्या रुक्ष गोष्टीला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. पार्सरची कथा खेळताना वाचकानं लिहिलेली प्रत्येक आज्ञा आणि तिला आलेलं उत्तर, हे सगळं एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतं. कथा तपासणारे मित्र ही फाइल लेखकाला पाठवतात.

हे काय आहे याचा विचार करा. कादंबरीकाराला आपला वाचक कुठे थांबला, कुठे मागे वळला, कुठल्या दारावर तीनदा डोकं आपटून आला, हे कधी कळतं का? आम्ही चार पुस्तकं लिहिली. ती कुणी वाचली तर कशी वाचली, आम्हाला ठाऊक नाही. इथे लेखकाला दिसतं की पंधराव्या मिनिटाला वाचकानं 'खिडकीतून ओरड' असं लिहिलं आणि प्रोग्राम म्हणाला, समजलं नाही. लेखकाला हे सुचलंच नव्हतं. तो ते उत्तर लिहून ठेवतो. पुढचा वाचक तिथे ओरडतो तेव्हा कथेत कुणीतरी वळून पाहतं. चांगल्या संवादी कथेतली अशी शेकडो उत्तरं कुणा ना कुणा अनोळखी वाचकाच्या पावलांवरून आलेली असतात. म्हणूनच श्रेयनामावलीत तपासनिसांची नावं असतात, आणि ती नसलेली कथा दिसली की जाणते लोक आधीच जरा सावध होतात. सहा आठवडे लोक लांबलचक परीक्षणं लिहितात, अगदी तळाच्या क्रमांकाच्या कथेवरही. ज्या कथेला बाजारात चार आणेही मिळाले नसते तिला असे वाचक मिळतात. त्यांची मर्जी राखायची लेखकाला गरज नसते, आणि लेखकाची मर्जी राखायची त्यांनाही नसते. नाव मोठं असलं की हे बिघडतं. १९९६ ची विजेती कथा 'अँजेला एम. हॉर्न्स' या नावानं आली होती. इंग्रजी अक्षरं उलटसुलट करा, ग्रॅहम नेल्सन निघतात. ज्यांच्या अवजारानं निम्मा गाव लिहीत होता, त्यांनी नाव काढून रांगेत उभं राहणं पसंत केलं.

मराठीत हे व्हावं का, असं आम्हाला विचारलं जातं. फ्रेंच, इटालियन, जर्मन, स्पॅनिश लेखकांनी आपापल्या भाषांत अशा स्पर्धा भरवल्या आहेत. दुव्यांच्या कथेला देवनागरीत तांत्रिक अडचण फारशी नाही. पार्सर मात्र मराठीत कस काढेल. इंग्रजीत दिवा कुठेही ठेवा, शब्द तोच राहतो. आपल्याकडे दिवा, दिव्यात, दिव्याखाली, दिव्याला, असं सामान्यरूप आडवं येतं, शिवाय 'किल्ली पेटीत ठेव' आणि 'पेटीत ठेव किल्ली' दोन्ही चालतं. त्याहून अवघड प्रश्न वाचकाला हाक मारायची कशी. इंग्रजी 'यू' काहीच ठरवत नाही, वय नाही, नातं नाही, बाई की पुरुष नाही. मराठीत 'तू आत गेलास' म्हटलं की निम्मे वाचक बाहेर. 'तुम्ही आत गेलात' इथे निभावतं, पण 'उभे आहात' की 'उभ्या आहात' आलं की पुन्हा अडलं. मघाशी माजघराचं उदाहरण देताना आम्ही 'उभे' हा शब्द टाळला, तुमच्या लक्षात आलं नसेल. पण हा अडथळा आहे की सोय? ज्या भाषेत हाक मारतानाच नातं ठरतं, तिथे कथा पहिल्याच ओळीत 'तू' वरून 'तुम्ही' वर जाऊन वाचकाला दचकवू शकते. कुणीतरी लिहून पाहावं.

शेवटी आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ही स्पर्धा आम्हाला कळली ती २०२३ च्या एका कथेमुळे. विक्टर खाइसबर्स हे नेदरलँड्समधले तत्त्वज्ञानाचे अध्यापक, आणि या समाजातले जुने लेखक-परीक्षक. त्यांच्या कथेत सॉक्रेटिसची तुरुंगातली शेवटची रात्र आहे, पण तुम्ही सॉक्रेटिस नाही. तुम्ही त्याची बायको झँथिपी आहात. प्लेटोच्या 'फीडो' संवादात ती सुरुवातीला मूल घेऊन बसलेली दिसते, रडते, आणि तिला घरी पोचवायला सांगून तत्त्वचर्चा सुरू होते. आम्ही हा संवाद किती वर्षं शिकवला, आणि त्या वाक्यावरून दर वर्षी तसेच पुढे गेलो. या कथेत ती रात्र तिला मिळाली आहे.

मग आम्ही मत द्यायला बसलो. पाच कथा निवडल्या. चौथी कथा वीस मिनिटांत कंटाळवाणी वाटली. एका घरात फिरतो आहोत, काही घडत नाही. तीन गुण दिले आणि बंद केली. मतदान संपेपर्यंत गुण बदलता येतात, हे ठाऊक होतं म्हणून असेल, पण ते तीन गुण मनातून जाईनात. शेवटच्या दिवशी पुन्हा उघडली. वर्णनात टेबलावरच्या कागदांचा उल्लेख पहिल्याच खोलीत होता. आम्ही ते कागद वाचायची आज्ञाच दिली नव्हती. कथा आमच्यासाठी थांबून राहिली होती. दोन तास पूर्ण वाचली. तिनाचे सात झाले.

त्या रात्री एक जुना प्रबंध आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरचा परीक्षक म्हणून तो आमच्याकडे आला होता. आम्ही पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं, मधली चाळली, आणि पुनर्लेखनासाठी परत पाठवावा असा अहवाल दिला. त्या विद्यार्थिनीनं तो पुन्हा सादर केला नाही, असं नंतर कानावर आलं. आमची प्रत अजून माळ्यावर होती. ती खाली काढली आहे. रोज दोन तास बसतो. सध्या चौथं प्रकरण चालू आहे, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेले आमचेच शेरे आम्हाला खोडावे लागताहेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.